मुलांची शाळा व मोठ्यांची शाळा

ज्यास शिकवितां येतें तो पांच वर्षांच्या मुलास जसें शिकवील तसेंच पन्नास वर्षांच्या माणसासही शिकवील, अशी एक समजूत आपल्या समाजांत फार दिवस घर करून बसली आहे. या समजुतीपायीं आजवर किती पैसा, किती श्रम व किती गोरगरिबांची उमेद वायां गेली, याचा हिशेब कोणी मांडीत नाहीं. केंद्र सरकारनें सन २०२२ ते २०२७ या पांच वर्षांकरितां आंखलेला 'उल्लास' नांवाचा नवभारत साक्षरता कार्यक्रम पंधरा वर्षांवरील निरक्षर स्त्रीपुरुषांकरितां आहे. त्यासाठीं १०३७ कोटी ९० लक्ष रुपयांची तरतूद ठरविण्यांत आली, आणि पांच कोटी माणसें साक्षर करावीं असें उद्दिष्ट ठेवण्यांत आलें. उद्दिष्ट स्तुत्य आहे याविषयीं दुमत होण्याचें कारण नाहीं. परंतु असा कार्यक्रम ढाणकीसारख्या बाजारपेठेच्या गांवास खरोखर कोणत्या रीतीनें उपयोगी पडेल, याचा विचार मुंबईस किंवा दिल्लीस बसून होणें कठीण. तो येथील जाणत्या नागरिकांनीं व व्यापाऱ्यांनींच केला पाहिजे. म्हणून या विषयाकडे वाचकांचें लक्ष वेधणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

सन २०११ च्या खानेसुमारींत महाराष्ट्रांतील सात वर्षें व त्यावरील वयाच्या लोकांपैकीं शेंकडा ८२ जण साक्षर आढळले. पुरुषांत हें प्रमाण शेंकडा ८८ होतें, तर स्त्रियांत ७६. म्हणजे त्या वर्षीं दर चार बायकांमागें जवळ जवळ एकीस आपलें नांव वाचतां येत नव्हतें. हे आंकडे पाहून कोणी म्हणेल कीं, शाळा आतां गांवोगांव झाल्या आहेत, मुलें शिकत आहेत, जुनी पिढी आपोआप सरेल व तिच्याबरोबर निरक्षरताही सरेल. मग म्हाताऱ्यांच्या मागें लागण्याचा खटाटोप कशास? हा युक्तिवाद वरवर पाहतां व्यवहाराचा दिसतो, परंतु तो क्रूर आहे आणि चुकीचाही आहे. तो क्रूर कसा, हें पुढें यवतमाळ जिल्ह्याच्याच एका दुःखद प्रसंगावरून दिसून येईल. चुकीचा अशासाठीं कीं, आज शाळेंत बसून धड वाचतां न येतां बाहेर पडणारें मूल हाच उद्यांचा निरक्षर प्रौढ होय. 'असर' या नांवाच्या देशव्यापी पाहणींत सन २०२२ मध्यें ग्रामीण भागांतील पांचवीच्या मुलांपैकीं निम्म्याहून कमी मुलांना दुसरीचा उतारा वाचतां आला. तेव्हां जुना सांठा सरत आहे म्हणावें तों नवा भरत आहे. मुलांची शाळा व मोठ्यांची शाळा हे दोन वेगळे प्रश्न नाहींत. परंतु त्या दोहोंत शिकविण्याची रीत मात्र वेगळी आहे, आणि ती वेगळी ठेवली नाहीं म्हणजे दोन्ही शाळा फसतात, हेंच आमचें आजचें सांगणें आहे.

पहिला भेद हेतूचा. मूल शाळेंत येतें तें बहुधा स्वतःच्या इच्छेनें येत नाहीं. त्यास कोणीतरी आणून बसवितें. 'क' हें अक्षर कशाकरितां शिकावयाचें हें त्यास ठाऊक नसतें, व तें विचारीतही नाहीं. बाईंवर किंवा गुरुजींवर त्याचा विश्वास असतो, बरोबरीच्या सोबत्यांचा संग असतो, गाणें, गोष्ट व खेळ असतो. एवढ्या शिदोरीवर तें शिकतें. त्या शिकण्याचें फळ दहा-पंधरा वर्षांनीं यावयाचें असतें, आणि तोंवर वाट पाहणें हें शिकविणाराचें काम असतें. प्रौढाची गोष्ट निराळी. तो दिवसभर रानांत राबून आलेला असतो. त्याच्या मनांत पहिला प्रश्न उभा राहतो तो 'हें शिकून मला काय उपयोग?' हा; आणि हा प्रश्न आळसाचा नसून शहाणपणाचा आहे. त्याचें उत्तर पहिल्याच आठवड्यांत मिळालें तर तो दुसऱ्या आठवड्यांत येतो, नाहीं तर येत नाहीं. अशा वेळीं 'लोकांस शिक्षणाची आवड नाहीं' असा शेरा मारून आपण मोकळे होतों. परंतु आवड नसते ती शिक्षणाची नव्हे, निरुपयोगी धड्यांची!

दुसरा भेद पूर्वज्ञानाचा. मुलाची पाटी कोरी असते असें म्हणतात. तें सर्वस्वीं खरें नाहीं. परंतु प्रौढाची पाटी तर कांठोकांठ भरलेली असते. बाजारांत तूर घेऊन आलेला शेतकरी क्विंटलाचा भाव ऐकतो, आणि आपल्या पोत्यांचे किती रुपये होतील, हमाली व तोलाई वजा जातां हातांत काय पडेल, हें तोंडानें सांगतो. बचतगटांतील बाई दहा जणींचे हप्ते व व्याज डोक्यांत ठेवते. यांना हिशेब येत नाहीं असें नव्हे. हिशेबाची लिहिलेली खूण ओळखतां येत नाहीं, इतकेंच. अशा माणसापुढें एक चेंडू आणि एक चेंडू मिळून दोन चेंडू, असें चित्र धरणें म्हणजे त्याच्या अकलेचा अपमान होय. तेंच सहा वर्षांच्या मुलास नुसतें चित्रही पुरत नाहीं. त्याच्या हातांत खरे चिंचोके द्यावे लागतात, कारण त्यास संख्या ही कल्पनाच नवी असते. एकास अर्थ अवगत असून खूण हवी असते; दुसऱ्यास खूण आणि अर्थ दोन्ही एकदमच घडवावीं लागतात.

भाषेच्या बाबतींत हा भेद उलट बाजूनें दिसतो. ढाणकीच्या बाजाराशीं पैनगंगेकांठचीं व बंदी भागांतील खेडीं आणि तांडे जोडलेले आहेत. तांड्यावर घरांत गोरमाटी बोलतात; कोलाम व गोंड यांच्याही स्वतःच्या भाषा आहेत. बाजारांत वर्षानुवर्षें वावरलेल्या बापास मराठी चांगली येते. परंतु त्याच्याच सहा वर्षांच्या मुलीस ती शाळेच्या पहिल्या दिवशीं येईलच असें नाहीं. बापास मराठी अक्षर लागलींच शिकवितां येईल. मुलीशीं मात्र आधीं कांहीं महिने तिच्याच बोलींत बोलावें, तिला मराठी ऐकूं द्यावें, बोलूं द्यावें, व मग पाटी हातांत द्यावी, हेंच योग्य. तसें न करतां दोघांपुढें एकच तक्ता टांगला तर बाप कंटाळतो आणि मुलगी मुकी होते.

तिसरा भेद लाजेचा, आणि आमच्या मतें तोच सर्वांत मोठा. मूल चुकतें तेव्हां हंसतें व पुन्हां लिहितें. पन्नाशीचा गृहस्थ चुकतो तेव्हां त्याची मान खालीं जाते. समोर कोणी ओळखीचा असेल तर तो उद्यां येतच नाहीं. या लाजेवर उपाय कसा सांपडतो, याचें एक सुंदर उदाहरण ठाणें जिल्ह्यांतील मुरबाड तालुक्यांत फांगणे या लहान गांवीं पाहावयास मिळालें. तेथें योगेंद्र बांगर या प्राथमिक शिक्षकाच्या पुढाकारानें व मोतीराम दलाल धर्मादाय संस्थेच्या साहाय्यानें ८ मार्च २०१६ रोजीं 'आजीबाईंची शाळा' सुरू झाली. साठीपासून नव्वदीपर्यंतच्या वृद्ध स्त्रिया गुलाबी लुगडीं नेसून, दप्तर घेऊन, दुपारच्या वेळीं वर्गांत बसूं लागल्या. वेळ दुपारची ठेविली, कारण तोंवर घरचें काम आटोपलेलें असतें. सर्वजणी सारख्या वयाच्या, सारख्या वेषाच्या, सारख्याच नवशिक्या. तेव्हां लाजावयाचें कोणी कोणापुढें?

येथें एक आक्षेप निघूं शकतो. प्रौढास मुलासारखें वागवूं नये असें आम्ही म्हणतों, आणि फांगण्यास तर पाटी, दप्तर, गणवेष, प्रार्थना हें सर्व मुलांच्या शाळेसारखेंच! परंतु विचार केल्यास यांत विसंगति नाहीं. या आजीबाईंना लहानपणीं शाळा नाकारली गेली होती. ती त्यांनीं उतारवयांत मागून घेतली. पाटी धरल्यानें प्रौढाचा मान जात नाहीं. त्याच्या मर्जीवांचून ती त्याच्या हातांत कोंबली म्हणजे जातो. मुलाची संमति आपण गृहीत धरतों, प्रौढाची मागावी लागते. दोन शाळांमधील फरकाचें मर्म येथें आहे.

हें तत्त्व आपल्याकडे अगदीं नवीन नाहीं. जोतिराव व सावित्रीबाई फुले यांनीं सन १८५५ मध्यें पुण्यास कामकरी व शेतकरी यांच्याकरितां रात्रीची शाळा काढली, ती दिवसाच्या शाळेहून वेगळी. सन १९०९ मध्यें पुण्यांत उभ्या राहिलेल्या सेवासदनांत रमाबाई रानडे यांनीं मोठ्या वयाच्या स्त्रियांस शिक्षणाची व स्वतःच्या पायांवर उभें राहण्याची सोय केली. लहान मुलींच्या बांकावर त्यांना नेऊन बसविलें नाहीं. आणि आमच्या वऱ्हाडांत तर प्रौढशिक्षणाचे एक थोर आचार्य होऊन गेले, ज्यांस स्वतःस अक्षरओळख नव्हती. गाडगे महाराज कीर्तनास उभे राहिले म्हणजे उपदेशाचा पाढा वाचीत नसत. श्रोत्यांसच प्रश्न विचारीत, त्यांच्याच तोंडून उत्तर काढीत, आणि त्या उत्तरांतून त्यांची चूक त्यांनाच दाखवीत. ऐकणारास आपल्याला कोणी शिकविलें असें न वाटतां आपणच उमजलों असें वाटे. प्रौढांस शिकविण्याची याहून उत्तम रीत आम्हांस माहीत नाहीं.

परदेशांतही विचारवंत याच निष्कर्षाप्रत आले. अमेरिकेंतील थॉर्नडाइक यानें सन १९२८ मध्यें प्रौढांच्या शिकण्यावर ग्रंथ लिहून, वय वाढलें म्हणजे शिकण्याची शक्ति नष्ट होते ही समजूत खोडून काढली. ब्राझील देशांत पाउलो फ्रेरी यानें सन १९६३ मध्यें आंजिकोस गांवीं सुमारें तीनशें मजुरांस चाळीस तासांच्या शिकवणींत वाचन-लेखनाचा आरंभ करून दिला. त्यासाठीं त्यानें बाळबोध पुस्तक न घेतां त्या लोकांच्या रोजच्या कामांतले व जगण्यांतले शब्द घेतले, आणि त्या शब्दांवर आधीं चर्चा घडविली. पुढील वर्षीं तेथें लष्करी राज्य आलें आणि फ्रेरीस तुरुंग व मग देशत्याग पत्करावा लागला, यावरून प्रौढ माणूस वाचूं लागला म्हणजे काय होतें हें सत्ताधाऱ्यांस कसें कळतें तेंही दिसून येतें. तथापि हा भेद म्हणजे मध्यें घातलेली भिंत नव्हे, हेंही सांगितलें पाहिजे. माल्कम नोल्स या अमेरिकन पंडितानें सन १९७० च्या आपल्या ग्रंथाच्या नांवांत बालशिक्षण व प्रौढशिक्षण एकमेकांच्या विरुद्ध उभीं केलीं होतीं. दहा वर्षांनीं त्यानेंच तें नांव बदलून एकाकडून दुसऱ्याकडे जाणारी वाट असें केलें. मुलासही मान हवा असतो, आणि म्हाताऱ्यासही गोष्ट आवडते.

चौथा भेद काळाचा. मूल आठ-दहा वर्षें शाळेंत असतें. आज विसरलेलें उद्यां पुन्हां पुढें येतें, आणि अक्षर हळूहळू मुरतें. प्रौढास चार-सहा महिने मिळतात, तेही निंदण, वेंचणी व लग्नसराई यांतून चोरून. अक्षर मुरण्याच्या आधींच वर्ग संपतो. सन १९५९ मध्यें सातारा जिल्ह्यांत सुरू झालेली ग्रामशिक्षण मोहीम हा महाराष्ट्राच्या अभिमानाचा विषय आहे. गांवानें गांवास शिकवावें, सर्व साक्षर झाले म्हणजे ग्रामगौरव समारंभ करावा, ही कल्पना पुढें राज्यभर पसरली व तिचा परदेशांतही गौरव झाला. परंतु समारंभानंतर अनेकांच्या हातीं वाचावयास कांहीं राहिलें नाहीं, आणि पुष्कळ नवसाक्षर पुन्हां अंगठ्यावर आले. सन १९७८ चा राष्ट्रीय प्रौढशिक्षण कार्यक्रम, १९८८ चें साक्षरता अभियान, २००९ चा 'साक्षर भारत', या सर्वांपुढें हीच अडचण उभी राहिली. 'उल्लास' कार्यक्रमांतील चांचणी दीडशें गुणांची असून वाचन, लेखन व संख्याज्ञान यांस प्रत्येकीं पन्नास गुण आहेत. महाराष्ट्रांत ती पहिल्यानें १७ मार्च २०२४ रोजीं झाली. चांचणी घेण्यास आमची हरकत नाहीं. परंतु मुलाच्या परीक्षेनंतर पुढची इयत्ता असते; प्रौढाच्या परीक्षेनंतर काय असतें? प्रमाणपत्र देऊन हात झटकले, तर आपण सातारचीच चूक पुन्हां करूं.

आतां यवतमाळ जिल्ह्याचा तो प्रसंग. सन २०१७ च्या खरिपांत कपाशीवर कीटकनाशक फवारतांना विषबाधा होऊन जिल्ह्यांत वीसांहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, आणि शेंकडों जणांस रुग्णालयांत दाखल करावें लागलें. औषधांचीं मनमानी मिश्रणें, डोक्याइतकी वाढलेली कपाशी, अंगावर संरक्षक कपडे नसणें, उन्हाचा ताप, अशीं अनेक कारणें त्यामागें होतीं. निरक्षरता हें एकच कारण होतें असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु त्या डब्यांवर जें छापलेलें असतें तें वाचून समजणारे हात त्या पंपांवर किती होते? कीटकनाशकाच्या प्रत्येक वेष्टनावर एक रंगीत त्रिकोण असतो: लाल म्हणजे अत्यंत विषारी, पिवळा म्हणजे फार विषारी, निळा मध्यम, आणि हिरवा त्या मानानें सौम्य. हे चार रंग ओळखण्यास अक्षरही लागत नाहीं. अर्ध्या तासाचा पाठ पुरतो. तो पाठ मुलांच्या पुस्तकांत घालून प्रौढाचा जीव वांचत नाहीं. जुनी पिढी आपोआप सरेल, असें म्हणणारांनीं ती कशी सरते हें त्या वर्षीं पाहिलें आहे.

याच ठिकाणीं प्रौढशिक्षणाचा खरा अभ्यासक्रम सांपडतो. सन १९८९ मध्यें इंडोनेशियांत भाताच्या किडीवर उपाय म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषि संघटनेच्या मदतीनें जी पद्धति निघाली, तीच आपल्या कृषिखात्याची 'शेतीशाळा'. तींत फळा नसतो, शेत असतें. शेतकरी स्वतः पानें उलटून किडी मोजतो, मित्रकीटक मोजतो, आणि फवारावें कीं न फवारावें हें चारचौघांत बोलून ठरवितो. जो शिकतो तोच निर्णय घेतो. अशा शाळेस अक्षराची जोड दिली, म्हणजे डब्यावरचें नांव, मात्रा, दिनांक व त्रिकोण हाच पहिला धडा केला, तर 'उपयोग काय?' हा प्रश्न कोणी विचारणार नाहीं.

इकडे मुलांच्या बाबतींत आपण उलट चूक करीत आहों. ज्यास उपयोग विचारावा त्या प्रौढास आपण बाराखडी घोकावयास लावतों, आणि ज्यानें खेळावें त्या मुलापुढें उपयोग मांडतों! तिसरी-चौथींतील मुलास स्पर्धापरीक्षेच्या शिकवणीस जुंपणें, पांचव्या वर्षीं त्याच्या हातून पानेंच्या पानें गिरवून घेणें, 'पुढें नोकरी कशी लागेल' हा धाक त्यास घालणें, हें म्हणजे लहान अंगावर मोठ्याचा अंगरखा चढविणें होय. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनीं सन १९४५ पासून बोर्डी येथें व १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांकरितां जी बालशिक्षणाची साधना केली, तिचें सार हेंच कीं, मुलाच्या भोंवतालचे दगड, बिया, पानें, गाणीं यांतूनच त्याची बुद्धि उमलते. मुलें शाळेंत येत नाहींत, तर शाळा अंगणांत न्यावी. तीं गुरें चारावयास गेलीं, तर ती कुरणांत न्यावी. ज्यांस हा खेळ वाटेल त्यांनीं लक्षांत घ्यावें कीं, मुलाच्या बाबतींत खेळ हेंच काम आहे.

या दोन्ही शाळांचा भार मात्र एकाच शिक्षकाच्या खांद्यावर टाकण्याची आपली रीत आहे. दिवसा पहिलीचा वर्ग, आणि उरल्या वेळांत निरक्षरांचें सर्वेक्षण व त्यांची नोंदणी! सन २०२३ मध्यें राज्यांतील शिक्षकसंघटनांनीं या सर्वेक्षणावर बहिष्कार घातला, तेव्हां त्यांस कामचुकार ठरविण्याकडे अनेकांचा कल होता. आम्हांस तो न्याय वाटला नाहीं. प्राथमिक शिक्षकास बालकांस शिकविण्याची विद्या दिलेली असते. प्रौढास शिकविण्याची रीत त्यास कोणी दाखविलेली नसते, वेळ तर नसतोच. प्रौढाचा गुरु निराळा शोधला पाहिजे, आणि तो बहुधा त्याच्याच धंद्यांतला, त्याच्याच वयाचा, चार अक्षरें अधिक जाणणारा असावा.

तेव्हां ढाणकीकरांनीं काय करावें? आमच्या सूचना थोड्या व साध्या आहेत. पहिली सूचना व्यापारी बंधूंस. प्रौढाचें पहिलें पाठ्यपुस्तक तुमच्या दुकानांत तयार होतें. कांट्याची पावती व मालाची पट्टी ठळक देवनागरी अक्षरांत द्यावी, वजन, भाव, कपात व निव्वळ रक्कम वेगवेगळ्या ओळींत असावी, आणि ती गिऱ्हाइकाकडून एकदां वाचून घ्यावी. जो अंगठा पुढें करील त्यास नांव लिहावयास सवड द्यावी. यांत व्यापाराचें नुकसान नाहीं. जें वाचून घेतलें त्यावरून पुढें तंटा होत नाहीं. दुसरी सूचना कृषिकेंद्रांच्या चालकांस. डबा हातांत देतांना त्रिकोणाचा रंग बोटानें दाखवावा व मात्रा मोठ्यानें वाचून सांगावी. तिसरी नगरपंचायतीस. बाजाराच्या ठिकाणीं मोठ्या अक्षरांचा एक फलक असावा. त्यावर रोजचे भाव, पावसाचा अंदाज व सरकारी योजनांची मुदत लिहावी. नवसाक्षरास असा फलक दहा पुस्तकांहून अधिक वाचावयास लावील. चौथी बचतगटांच्या भगिनींस. गटाची वही आळीपाळीनें प्रत्येकीनें लिहावी, एकीनेंच नव्हे. आणि वर्ग घ्यावयाचा तो वेंचणी आटोपल्यावर, दुपारीं, व ज्या त्या मोहल्ल्यांत किंवा तांड्यावर घ्यावा. पांचवी सूचना पालकांस. मुलास रोज एक गोष्ट सांगा, आणि 'आज काय पाठ केलें?' याऐवजीं 'आज काय पाहिलेंस?' असें विचारा.

यांपैकीं एकाही गोष्टीस सरकारी मंजुरी लागत नाहीं व फारसा पैसाही लागत नाहीं. लागतें तें इतकेंच कीं, मुलास शिकवितांना उद्यांवर नजर ठेवून धीर धरावा, आणि मोठ्यास शिकवितांना आजची त्याची गरज ओळखून त्याचा मान राखावा. मुलाची घाई करूं नये. प्रौढास तिष्ठत ठेवूं नये. यंदाच्या हंगामांत ढाणकीच्या बाजारांतून जाणारा विषारी औषधाचा एकही डबा न समजतां रानांत जाणार नाहीं, एवढा एक निश्चय जरी येथील दुकानदारांनीं केला, तरी त्या एका निश्चयानें मोठ्यांच्या शाळेचा पहिला वर्ग भरला असें आम्ही समजूं.